इंदूरमध्ये द्यायचं कसं: मंडळीत नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

अहिल्यानगर, जालना, नागपूर अशा ठिकाणांहून नोकरीसाठी इंदूरला आलेली ख्रिस्ती घरं पहिल्या नाताळाच्या आसपास हमखास एक प्रश्न विचारतात: इथे गरिबाला मदत करायची तर सुरुवात कुठून करायची? गावी सोपं होतं. पाळक ओळखीचे, मंडळी ओळखीची, कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही हे संध्याकाळपर्यंत कानावर यायचं. इथे उपासना बहुतेक हिंदीत, शेजार नवा, आणि वर कुणीतरी सांगतं की सिग्नलवर भीक दिलीत तर पोलीस तुमच्यावरच गुन्हा लावतील.

ते सांगणं अगदीच खोटं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

रस्त्यावरचं नाणं

1 जानेवारी 2025 पासून इंदूर जिल्हा प्रशासनाने भीक मागण्याबरोबर भीक देण्यावरही बंदी घातली. आदेश मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा. त्याच महिन्यात दहा रुपये दिल्याबद्दल गुन्हा नोंदवल्याच्या बातम्याही आल्या. असे आदेश मुदतीचे असतात, संपतात, पुन्हा निघतात, तेव्हा आत्ता कोणता लागू आहे हे वर्तमानपत्रात किंवा कलेक्टर कचेरीत पाहून घ्या. भीक मागण्याविरुद्धचा राज्याचा कायदा तर 1973 पासून आहे.

या बंदीवर मंडळीत दोन मतं ऐकू येतील. एक म्हणतं, 'जो मागतो त्याला दे' असं प्रभूने स्पष्ट सांगितलंय, कलेक्टर कोण अडवणारे? दुसरं म्हणतं, बरं झालं, टोळ्या बंद झाल्या. मला दोन्ही अपुरी वाटतात. भुकेल्या माणसाकडे पाहणं गुन्हा ठरू नये हे खरं. पण गाडीची काच खाली करून नाणं टेकवणं आणि सिग्नल हिरवा होताच निघून जाणं, याला मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात कुठे जागा आहे? तिथे प्रभू म्हणतो: भुकेला होतो, जेवू घातलंत, आजारी होतो, समाचाराला आलात, तुरुंगात होतो, भेटायला आलात. प्रत्येक गोष्टीत जाणं आहे, थांबणं आहे. बंदीने आपलं नाणं थांबवलंय, जाणं थांबवलेलं नाही. ओळखीच्या घरी किराणा पोचवणं, दवाखान्यात सोबत बसणं, मुलाची फी भरणं याला कोणी हात लावत नाही. रस्त्यावर एकटं मूल दिसलं तर 1098, बेवारस वृद्ध दिसला तर 14567. हे दोन नंबर आजच फोनमध्ये घाला.

आधी आपला डबा

द्यायचे पैसे महिनाअखेरीला उरत नाहीत, ते पहिल्या तारखेलाच बाजूला काढावे लागतात. पौलाने करिंथच्या लोकांना हेच लिहिलं होतं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे वेगळं काढून ठेवावं. दशांश मंडळीत देत असाल तर द्या. पण तो बिल्डिंग फंडात, पाळकांच्या मानधनात, विजेच्या बिलात जातो आणि जायलाही हवा. गरिबासाठीचा वाटा त्याहून वेगळा असू द्या, मग तो महिन्याला दोनशे रुपये का असेना. विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे तिची शेवटची दोन लहान नाणी, आपल्याला पाठ असतात. ती दोन्ही टाकून गेली, एक तरी ठेवता आली असती, हे मात्र आपण विसरतो.

पैशाची ओढाताण असेल तर मिझोरामच्या बायकांची रीत पाहा. 1910 च्या सुमारास तिथल्या ख्रिस्ती घरांनी प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात टाकायला सुरुवात केली, ते तांदूळ मंडळीकडे जमा होत आणि विकून काम चाले. आजही ही रीत चालू आहे. आपल्याकडे माळव्यात तांदळाऐवजी पीठ किंवा डाळ धरा. मुलांच्या हातून मूठ टाकायला लावा, त्यांना दुसरं काही शिकवावं लागत नाही.

अहिल्याबाईंच्या गावात दानाचे धडे मी काय देणार! पण त्यांची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काशी ते रामेश्वर घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी राहिली ती त्यांच्या खासगीच्या पैशातून, दौलतीच्या तिजोरीतून नव्हे. मंडळीच्या मदत समितीत तुमची निवड झाली तर आपलं देणं आणि मंडळीचं वाटणं एकमेकांत मिसळू देऊ नका. नाव मंडळीचं व्हायचं तिथे आपलं पुढे करू नये, आणि आपल्या खिशाचं काम मंडळीच्या नावावर खपवू नये.

एक घर

नवीन माणूस उत्साहात दहा घरांची यादी करतो. करू नका. एकच घर धरा आणि वर्षभर धरा.

कुठे शोधायचं? बहुतेकांना शोधावं लागतच नाही. तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी, सोसायटीचा चौकीदार, समोरच्या बांधकामावर ताडपत्रीखाली राहणारं झाबुआ-अलीराजपूरकडचं भिल्ल कुटुंब. जुन्या कापड गिरण्यांच्या आसपासच्या वस्त्यांत तर गरिबीला इतिहास आहे. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला डिसेंबर 2023 उजाडला. मधल्या काळात कित्येक कामगार हक्काचा पैसा न बघताच गेले. अशा घरात 'गरीब' म्हणून जाऊ नका. तिथला म्हातारा एके काळी पगारदार होता, युनियनच्या सभेत बोलायचा. त्याला तुमची दया नको असते, बसून बोलणारा माणूस हवा असतो.

पहिल्या दोन-तीन भेटींत काही देऊ नका. चहा दिला तर प्या. नको म्हणणं हा तिथे अपमान ठरतो, आणि घेणारा माणूसही काही देऊ शकतो ही जाणीव पुढच्या सगळ्या व्यवहारात कामाला येते. बाईमाणूस एकटं असेल तर पुरुषाने एकट्याने जाऊ नये, नवरा-बायको मिळून जा.

कागद

नवे लोक नेमकं हेच टाळतात, आणि खरी मदत बरीचशी इथेच दडलेली असते. तांदळाची पिशवी महिन्यात संपते, पण अडलेला कागद सुटला तर दर महिन्याला तांदूळ येत राहतात.

मध्य प्रदेशात सगळ्याचं मूळ समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारकडचा घराचा नोंदणी क्रमांक. कुटुंबाचा आठ आकडी, प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी. महाराष्ट्रातून आलेल्यांना ही भानगड माहीतच नसते. समग्रमध्ये सुनेचं नाव नाही, नातवाची जन्मतारीख चुकली, आधारशी जोडणी झाली नाही, की रेशनपासून पेन्शनपर्यंत सगळं अडतं. तेव्हा किराण्याआधी विचारा: समग्र आहे का, सगळ्यांची नावं आहेत का, ई-केवायसी झाली का? महापालिकेच्या झोनल ऑफिसला त्यांच्याबरोबर जा. शिकलेला माणूस शेजारी उभा असला की खिडकीच्या आतला आवाज आपोआप खाली येतो. चांगली गोष्ट नाही ही, पण आहे तशी आहे.

मग रेशन. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं. बाहेरगावच्या मजुरांना वाटतं की कार्ड गावचं म्हणजे धान्य गावीच. तसं नाही, 'वन नेशन वन रेशन कार्ड'मुळे अंगठा लावून ते इंदूरच्या दुकानातही घेता येतं. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, आणि सत्तरच्या पुढच्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. असंघटित कामगाराची 'संबल' योजनेत नोंदणी असेल तर त्याच्या मृत्यूनंतर घराला सरकारकडून रक्कम मिळते, पण नोंदणी आधी हवी. काम अडलंच तर 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार करा, नाहीतर मंगळवारी कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई आहे.

याच कागदांत एक नाजूक गाठ आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र अजून बाहेर आहेत. म्हणून दलित पार्श्वभूमीच्या ख्रिस्ती घरातल्या मुलाला ती शिष्यवृत्ती मिळत नाही आणि फीचा खड्डा तिथे जास्त खोल असतो. आदिवासींना ही अट लागू नाही. कुणाच्या कागदावर काय लिहिलंय याची चौकशी चारचौघांत करू नका, आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मदत घेणाऱ्याचं नावही टाकू नका.

पिशवीत काय

'किराणा किट' म्हणून पाच किलो पीठ आणि तीन किलो तांदूळ द्यायची पद्धत पडली आहे. पण धान्य रेशनवर मिळतंच. मिळत नाही ते द्या: गोडं तेल, तूरडाळ, हिरवे मूग, शेंगदाणे, साखर, चहापत्ती, हळद-तिखट-मीठ, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, सॅनिटरी पॅड. भिल्ल कुटुंबाला थंडीत मक्याचं पीठ नेऊन पाहा, चेहरे बदलतात. चार घरं मिळून घेणार असाल तर सियागंजच्या ठोक बाजारात जा, कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा बरंच स्वस्त पडतं. आपण घरी आणतो तीच डाळ आणा. 'वाटायची आहे' म्हटलं की दुकानदार आतून वेगळंच पोतं काढतो.

वेळही पाहा. डिसेंबरात सगळ्या मंडळ्या, सगळे क्लब, सगळे नेते ब्लँकेट घेऊन बाहेर पडतात आणि एकेका माणसाला चार-चार मिळतात. जून-जुलैत वह्या, गणवेश आणि गळणारं छप्पर एकदमच पुढे येतं तेव्हा कोणी फिरकत नाही. बांधकामाची कामं पावसात थांबतात, मजुरी थांबते. होळीआधी भगोरियाला आदिवासी मजूर गावाकडे जातात, तेव्हा त्यांना बसभाडं आणि पोरांना एक नवा कपडा हवा असतो. हा सण आपला नाही म्हणून मागे राहू नका.

जुने कपडे: जे आपण पाहुण्यांसमोर घालणार नाही ते देऊ नका. एवढंच.

आणि फोटो नको. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये असं सांगितलेल्या लोकांनी पिशवीचं एक टोक आपण आणि दुसरं म्हातारीने धरून कॅमेऱ्याकडे बघावं, हे मला अजून समजलेलं नाही. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर किराण्याचं बिल पाठवा.

पिशवीत काय नको

पत्रकं, शुभवर्तमानाच्या पुस्तिका, रविवारच्या सभेचं निमंत्रण. यातलं काहीही मदतीच्या पिशवीत जाता कामा नये. कारणं दोन आहेत आणि दुसरं मोठं आहे.

पहिलं कायद्याचं. मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम, 2021 नुसार प्रलोभन दाखवून धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. भेटवस्तू, पैसे, वस्तुरूप लाभ हे प्रलोभनात धरले जातात. शिक्षा एक ते पाच वर्षं, आणि स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर दोन ते दहा. डाळ-तांदळाच्या पिशवीत घातलेली एक पुस्तिका तुम्हाला, पाळकांना आणि ज्या घरी पिशवी गेली त्या घरालाही अडचणीत आणू शकते. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांनी ही गोष्ट पाळकांकडून नीट समजावून घ्यावी.

दुसरं कारण कायदा नसता तरी राहिलं असतं. लूकच्या सतराव्या अध्यायात प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, मागे वळून आला एकच, तोही शोमरोनी. उरलेल्या नऊ जणांचा आजार प्रभूने परत आणला नाही. चौथ्या शतकात रोमचा सम्राट ज्युलियन, ज्याला ख्रिस्ती लोक मुळीच आवडत नव्हते, त्याने आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहिलं होतं की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात आणि आपण नुसते पाहतो. विरोधकाने दिलेली यापेक्षा चांगली पावती मला माहीत नाही. ज्या घरी मदत जाते तिथे गणपती बसतो की मोहरमचा सरबत वाटला जातो, याने डाळीच्या वजनात फरक पडू नये. त्यांनी आपणहून 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं तर आपल्या घरी येऊन करा.

रोख पैसे आणि सावकार

रोख रक्कम शक्यतो टाळा, पण त्याचा नियम करू नका. शाळेची फी शाळेत, औषधाचे पैसे दुकानात, जन औषधी केंद्रात मिळत असेल तर तिथे. गॅस संपला असेल आणि बाईने दोनशे मागितले तर मात्र हिशेब मागत बसू नका. एम.वाय. या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आवारात खरगोन, बडवानी, देवासकडून आलेले नातेवाईक रात्र-रात्र पायरीवर असतात. त्यांना जेवणाइतकीच गरज असते ती कोणत्या खिडकीवर पर्ची मिळते हे सांगणाऱ्याची, आणि पुष्कळदा रक्ताची. रक्त द्यायला पैसे लागत नाहीत.

कर्जात बुडालेलं घर भेटेलच. सावकाराचं कर्ज आपण फेडून टाकणं हा सोपा मार्ग वाटतो, पण मूळ कारण तसंच राहिलं तर सहा महिन्यांत नवं कर्ज उभं राहतं. इथे सिस्टर राणी मारियांचं नाव घ्यायला हवं. केरळातून आलेल्या, क्लॅरिस्ट संघातल्या या कॅथलिक सिस्टर देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात काम करत होत्या. त्यांनी शेतमजुरांना धान्य वाटत बसण्याऐवजी एकत्र केलं, बँकेची आणि सरकारी कर्जं कशी मिळतात ते शिकवलं, आणि सावकारांची गिऱ्हाइकं तुटली. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टर, पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. उदयनगरला त्यांची कबर आहे. नव्या माणसाने एकदा तिथे जाऊन यावं असं मला वाटतं, पण जाताना हेही लक्षात घ्यावं की त्यांनी केलेलं काम शेवटी बचत गट आणि बँकेच्या अर्जाचंच होतं. तुमच्या एका घरातल्या बाईला जवळच्या बचत गटात नेऊन बसवा.

हिशेब

मंडळीच्या मदत निधीला हात लावायची वेळ आली तर पैसे कधीच एकट्याने मोजू नका. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी जमा झालेली रक्कम नेताना मुद्दाम इतरांना सोबत घेतो, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून. दुसऱ्या करिंथकरांच्या आठव्या अध्यायात वाचा. वहीत दोन सह्या, प्रत्येक खर्चाचं बिल, तीन महिन्यांनी मंडळीपुढे एकूण आकडे. नावं नाही, फक्त आकडे. आणि 'त्यांच्याच लोकांना मिळतं' ही कुरकुर आली तर चिडू नका. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशीच तक्रार आली होती. प्रेषितांनी उपदेश केला नाही, सात माणसं निवडून काम त्यांच्याकडे दिलं.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत सांभाळा. भाच्याने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल आणि प्रेमाने मंडळीच्या खात्यात पैसे पाठवले, तर ते विदेशी अंशदान ठरतं. एफसीआरए नोंदणी, म्हणजे विदेशी अंशदानाच्या कायद्याखालची नोंदणी, आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं नसेल तर ते घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाचं तसं नाही. खात्री होईपर्यंत भाच्याला थांबायला सांगा. कराची सवलत हवी असेल तर 2,000 च्या वर रोख देऊ नका, आणि नव्या कर पद्धतीत ती सवलत नाहीच.

कधी थांबायचं

वर्षाने त्या घराशी बसून बोला. मुलगा कमवायला लागला असेल, रेशन सुरू झालं असेल, तर पिशवी बंद करा आणि येणं-जाणं चालू ठेवा. पिशवी बंद झाली की आपलं येणंही बंद, असं झालं तर त्यांना पिशवीचीच किंमत होती असं आपण म्हणतो. खरं तर ती आपल्यालाच होती. दारूपायी पिशवी विकली जात असेल तर ती बाईच्या हाती, थोडी-थोडी, आठवड्याला द्या. घरात मारहाण, मुलीच्या लहान वयातल्या लग्नाची तयारी, किंवा मुलाला कामावर पाठवणं दिसलं तर ते तुमच्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही. 1098 किंवा 112 वर कळवा, पाळकांना सांगा, आणि त्या आठवड्यातही नेहमीच्या वेळी त्या घरी जा.